प्रजाजन ते नागरिक : माध्यमिक शाळेतील लोकशाही-शिक्षणाची वाटचाल

'नागरिक' हा शब्द आज मराठीत इतका रुळला आहे की तो या अर्थाने नवा आहे याची आठवणही कोणास राहिलेली नाही. कौटिलीय अर्थशास्त्रात 'नागरिक' म्हणजे नगराचा कारभार पाहणारा अधिकारी. त्या ग्रंथातील 'नागरिकप्रणिधि' हे प्रकरण याच अधिकाऱ्याच्या कर्तव्यांविषयी आहे. कामसूत्रातील 'नागरक' हा नगरात राहणारा, कलांचा जाणकार, सुखवस्तू रसिक होय. राजाने ज्याचे पालन करावयाचे त्या सामान्य माणसासाठी आपल्या परंपरेने योजलेला शब्द निराळाच आहे. तो म्हणजे 'प्रजा', आणि त्याचा मूळ अर्थ अपत्य असा आहे. राजा पिता आणि लोक त्याची लेकरे, ही कल्पना या एका शब्दात सामावलेली आहे. लेकराने आज्ञा पाळावयाची आणि पित्याने माया करावयाची; जाब विचारण्याचा प्रश्न या नात्यात उद्भवत नाही.

या प्रजेचा नागरिक होण्यास सुमारे एक शतक लागले. हे स्थित्यंतर कायद्याने एका दिवसात घडविता येते, मनात मात्र ते पिढ्यापिढ्यांनी घडते. ते घडविण्याची जबाबदारी स्वतंत्र भारताने ज्यांच्यावर टाकली त्यांत माध्यमिक शाळेतील नागरिकशास्त्राचा तास हा एक आहे. इतिहासाच्या पुस्तकाचे शेपूट म्हणून हिणविला गेलेला हा विषय कोठून आला, कोणी कोणत्या हेतूने तो शिकविला आणि त्याचा अर्थ कसा बदलत गेला, हे पाहणे उद्बोधक आहे. बडोद्यासारख्या नगरीत राहणाऱ्या मराठी वाचकास तर ते अधिकच जवळचे वाटावे. कारण या कथेतील काही महत्त्वाचे प्रसंग याच नगरीत घडले आहेत.

राजनिष्ठेचा पाठ

आधुनिक राज्यव्यवस्थेचे ज्ञान महाराष्ट्रात प्रथम शाळेतून आले नाही, ते वृत्तपत्रांतून आले. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' १८३२ साली निघाले. लोकहितवादींनी १८४८ पासून 'प्रभाकर' पत्रात लिहिलेल्या शतपत्रांतून राज्यव्यवस्था, पार्लमेंट आणि राज्यकारभारातील लोकांचा भाग यांची चर्चा केली. पुण्यात त्याच साली जे सार्वजनिक ग्रंथालय उभे राहिले त्याच्या स्थापनेतही लोकहितवादींचा पुढाकार होता. वाचनालय आणि नागरिकत्व यांची गाठ अशी आरंभापासूनच पडलेली आहे.

सरकारी शाळांत या विचारास शिरकाव नव्हता. १८८२ साली दोन घटना घडल्या. त्या वर्षीच्या मे महिन्यात लॉर्ड रिपन याने स्थानिक स्वराज्याचा ठराव प्रसिद्ध केला. नगरपालिका व लोकल बोर्डे ही केवळ कारभाराच्या सोयीसाठी नसून लोकांच्या राजकीय शिक्षणाचे साधन आहेत, अशी भूमिका त्यात होती. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन सादर केले. शेतकऱ्याच्या करातून जमणारा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि कर देणाराच अक्षरशून्य राहतो, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी त्यांची मागणी होती. रिपनने नागरिकास मतपेटी दाखविली, तर ती मतपेटी ओळखण्याइतके अक्षर ज्यास नाही त्याचे काय, हा प्रश्न जोतीरावांनी उभा केला. पुढील शंभर वर्षांचा वाद या दोन टोकांमधला आहे.

नागरिकशास्त्राचे शालेय पुस्तक म्हणून हिंदुस्थानात ज्याचा विशेष बोलबाला झाला ते सर विल्यम ली-वॉर्नर याचे 'द सिटिझन ऑफ इंडिया' हे पुस्तक १८९७ साली प्रसिद्ध झाले. ली-वॉर्नर हा मुंबई इलाख्यातील सनदी अधिकारी. देशी भाषांतही या पुस्तकाची भाषांतरे झाली. त्याची मांडणी शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने निर्दोष म्हणावी अशी आहे. खेडे, मग नगर, मग जिल्हा, मग प्रांत, देशी संस्थाने आणि शेवटी सारा देश, असा जवळून दुरकडे जाणारा तिचा क्रम असून पुढील अनेक दशके नागरिकशास्त्राची पुस्तके जाणता-अजाणता याच क्रमाने चालली. परंतु या सोपानाच्या माथ्यावर विद्यार्थ्यास दिसत होते ते साम्राज्य. शांतता, रस्ते, आगगाडी, टपाल, दवाखाने हे सरकारचे उपकार आणि कायदा पाळणे, कर देणे, कृतज्ञ राहणे ही नागरिकाची कर्तव्ये, असा त्याचा एकंदर सूर आहे. शब्द नागरिकाचा, आशय प्रजेचा! हा विषय आपल्याकडे जन्मला तो असा, आणि जन्मखूण सहजी पुसली जात नाही.

राजनिष्ठेच्या या पाठाचा परिणाम अपेक्षेच्या उलट झाला. वंगभंगाच्या चळवळीत विद्यार्थी रस्त्यावर आले, तेव्हा १९०७ साली सरकारने रिझ्ले परिपत्रक काढून शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांस राजकीय सभांपासून दूर ठेवण्याची सक्ती संस्थांवर केली. वर्गात नागरिकत्वाचा धडा आणि वर्गाबाहेर नागरिक होण्यास मनाई, ही विसंगती तेव्हाच्या विद्यार्थ्यांच्या ध्यानी आली नसेल असे मानण्याचे कारण नाही. मराठी मुलखात याच सुमारास विष्णु गोविंद विजापूरकर यांनी तळेगावच्या समर्थ विद्यालयाद्वारे राष्ट्रीय शिक्षणाचा निराळा प्रयोग चालविला होता.

बडोद्याचा प्रयोग

ब्रिटिश हिंदुस्थानात हे चालले असता बडोद्यात एक निराळाच क्रम आकारास येत होता. महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांना १८८१ च्या अखेरीस राज्याचे पूर्ण अधिकार मिळाले. १८९३ साली त्यांनी अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली कायदा करून ती सक्ती राज्यभर लागू केली. मुलांसाठी सात ते बारा आणि मुलींसाठी सात ते दहा अशी वयोमर्यादा तीत होती. १९११ साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले तेव्हा बडोद्याचे उदाहरण त्यांच्यासमोर होते. पुढील वर्षी ते विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. एका देशी संस्थानाने जे करून दाखविले ते साम्राज्यास परवडेना, हा त्या काळातला एक बोलका विरोधाभास होय.

शाळेत शिकलेले अक्षर शाळा सुटताच विसरले जाऊ नये म्हणून महाराजांनी दुसरे पाऊल टाकले ते ग्रंथालयांचे. १९१० साली विल्यम ॲलन्सन बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास त्यांनी बडोद्यास आणविले. तीन वर्षांच्या वास्तव्यात त्याने मध्यवर्ती ग्रंथालयाची आणि राज्यभरच्या ग्रंथालयांची घडी बसविली. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या. गुजरातीत मोतीभाई अमीन यांनी मित्रमंडळ ग्रंथालयांच्या रूपाने याच कार्याची पूर्वतयारी केली होती. या योजनेतले मर्म तिच्या आर्थिक रचनेत आहे. गावकऱ्यांनी वर्गणी जमवावयाची, तेवढीच रक्कम पंचायतीने आणि तेवढीच सरकारने घालावयाची. ग्रंथालय हवे असेल तर आधी गावाने एकत्र बसून ठरविले पाहिजे, पैसा उभा केला पाहिजे, हिशेब ठेवला पाहिजे आणि चालक निवडले पाहिजेत. स्थानिक स्वराज्य म्हणजे राजकीय शिक्षण, हे रिपनचे सूत्र येथे पुस्तकांच्या कपाटाभोवती प्रत्यक्षात उतरले.

भाषेच्या बाजूनेही प्रयत्न झाला. राज्यकारभाराची भाषा लोकांस समजली नाही तर लोक कारभारात भाग घेणार कसा? १९३१ साली प्रसिद्ध झालेला 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा बहुभाषी कोश इंग्रजी प्रशासकीय संज्ञांना देशी भाषांत पर्याय देणारा म्हणून आजही अभ्यासकांना मोलाचा वाटतो. नागरिकशास्त्र मातृभाषेतून शिकवावयाचे तर परिभाषेवाचून एक पाऊलही टाकता येत नाही. त्या दृष्टीने या कोशाकडे पाहावयास हवे.

तथापि या प्रयोगाची मर्यादाही नोंदविली पाहिजे. १९०८ साली बडोद्यात धारासभा स्थापन झाली, परंतु तिचे अधिकार सल्ला देण्यापुरते होते. राजा उदार होता, दूरदर्शी होता, पण सत्ता त्याचीच होती. सक्तीचे शिक्षण, ग्रंथालये, पंचायती हे सारे वरून आले. १९१६ साली स्थापन झालेल्या संस्थेने आपले नाव 'प्रजामंडळ' असे ठेवले. नाव प्रजेचे आणि मागणी जबाबदार राज्यपद्धतीची, म्हणजेच नागरिकत्वाची. एका शब्दातून दुसऱ्या शब्दाकडे जाणारी वाट या संस्थेच्या नावातच दिसते. ज्या राज्याने प्रजेस वाचावयास शिकविले त्याच राज्यात वाचणारी प्रजा जाब विचारू लागली, यात महाराजांच्या धोरणाचे अपयश नसून त्याचे यशच आहे.

पुस्तक आणि रस्ता

बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर भीमराव रामजी आंबेडकर हे १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. दरमहा साडेअकरा पौंडांची ही शिष्यवृत्ती तीन वर्षांची होती आणि शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी अशी अट होती. तेथे त्यांना जे गुरू लाभले त्यांत जॉन ड्यूई हे एक होते. ड्यूई यांचा 'डेमोक्रसी अँड एज्युकेशन' हा ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध झाला. लोकशाही ही केवळ शासनपद्धती नसून एकत्र जगण्याची रीत आहे, म्हणून शाळा ही भावी जीवनाची तयारी नव्हे तर स्वतःच एक लहानसा समाज असली पाहिजे, हे त्यातील प्रतिपादन पुढे जगभरच्या नागरिकशास्त्राचा पाया झाले.

या विचाराचा विद्यार्थी १९१७ च्या सप्टेंबरात करारानुसार बडोद्याच्या नोकरीत रुजू झाला, आणि पुस्तकाची रस्त्याशी गाठ पडली. राहावयास जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत ते नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. कचेरीतील शिपाईही विटाळाच्या भयाने कागद दुरून टाकीत. ज्या नगरीने त्यांना शिकविले त्या नगरीत एका खोलीचा आसरा मिळेना. त्या दिवशी कमाटीबागेत बसून त्यांनी काढलेले तास हा आपल्या नागरिकशास्त्राच्या इतिहासातील एक धडाच आहे, मग तो पाठ्यपुस्तकात असो वा नसो. याच बागेत आज अनेक जण त्या आठवणीने येतात.

सव्वा वर्षाने, १९१९ च्या जानेवारीत, मताधिकाराची चौकशी करणाऱ्या साउथबरो समितीपुढे आंबेडकरांनी साक्ष दिली. तीत ड्यूईंच्या विचारांचा आधार स्पष्ट दिसतो. समाजाच्या गटागटांत मुक्त देवघेव नसेल तर समान विचार निर्माण होणार नाही, आणि प्रतिनिधित्वाचा व शासनात पद धारण करण्याचा हक्क हे नागरिकत्वाचे दोन महत्त्वाचे हक्क आहेत, असे त्यांनी मांडले. अडाणी माणसास आधी शहाणे करू आणि मग मत देऊ, हा तेव्हाचा प्रतिष्ठित युक्तिवाद होता. त्याविरुद्ध उभा राहिलेला विचार असा की, पाण्यात उतरल्यावाचून पोहणे येत नाही. मत देणे हेच मत देण्याचे शिक्षण. १९२३ च्या बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे व शाळा सर्वांस खुल्या झाल्या, पण त्या कागदावर. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर तो कागद लोकांनी स्वतः पावलांनी वाचला. नागरिकशास्त्राचे प्रात्यक्षिक म्हणून याहून मोठे उदाहरण सांगता येणार नाही.

वसतिगृह हीच शाळा

दोन महायुद्धांच्या दरम्यान मराठी मुलखात अशा काही शाळा उभ्या राहिल्या की जेथे नागरिकशास्त्र हा विषय वेळापत्रकात नसूनही तो दिवसभर चालत असे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि साताऱ्यात १९२४ साली छत्रपती शाहू बोर्डिंग सुरू केले. तेथे निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र राबत आणि एका पंगतीस जेवत. सहभोजनावर व्याख्यान देणे आणि रोज एकाच चुलीवरची भाकरी खाणे यांतले अंतर तेथील मुलांना सांगावे लागत नव्हते. 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर संस्थेने १९४० साली साताऱ्यात जे हायस्कूल काढले त्यास महाराजा सयाजीरावांचे नाव देण्यात आले. आदल्याच वर्षी महाराजांचे निधन झाले होते. बडोद्याच्या राजाचे नाव साताऱ्याच्या श्रमिक मुलांच्या शाळेस लाभले, ही घटना या साऱ्या कथेचे सार सांगणारी आहे.

खानदेशात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजींनी छात्रालय सांभाळताना मुलांसाठी हस्तलिखित दैनिक चालविले. जगात काय चालले आहे हे मुलांना रोज कळावे आणि त्यावर त्यांनी बोलावे, एवढाच त्यामागील हेतू. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून निघालेल्या नयी तालीमच्या योजनेतही, झाकिर हुसेन समितीने, शाळा हा सहकारी समाज असावा आणि त्यातूनच नागरिकत्व घडावे, असा आग्रह धरला. या प्रयत्नांचे मार्ग भिन्न, पण निष्कर्ष एकच होता : नागरिकत्व हे सांगून शिकविता येत नाही, वागवून शिकविता येते.

घटना आणि घंटा

स्वातंत्र्याच्या वळणावर बडोदे पुन्हा या कथेत येते. २८ एप्रिल १९४७ रोजी घटना समितीत जे संस्थानी प्रतिनिधी प्रथम दाखल झाले त्यांत बडोद्याचे प्रतिनिधी होते. समितीत मुंबई प्रांतातून निवडून आलेल्या हंसाबेन मेहता या बडोद्याचे दिवाण मनुभाई मेहता यांच्या कन्या. संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क आयोगावर काम करताना जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमातील 'सर्व पुरुष' असा अर्थ देणाऱ्या इंग्रजी शब्दांऐवजी 'सर्व मानव' असा अर्थ देणारे शब्द योजले जावेत म्हणून त्यांनी आग्रह धरला, आणि १० डिसेंबर १९४८ रोजी तो जाहीरनामा त्याच शब्दांनिशी संमत झाला. १९४९ साली स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या त्या कुलगुरू झाल्या. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. राजाचे राज्य संपले, आणि त्याच्या नावाचे विद्यापीठ एका स्त्रीच्या हाती आले.

घटनेने सर्व प्रौढांस एकदम मताधिकार दिला. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे १७ कोटी मतदार होते आणि त्यांतील बहुसंख्य निरक्षर होते. त्या वेळच्या याद्यांतली एक हकिगत शिक्षकांनी लक्षात ठेवावी अशी आहे. अनेक स्त्रियांनी आपले नाव परक्या माणसास सांगण्याचे नाकारले. 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' एवढीच ओळख त्यांनी दिली. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी अमान्य ठरविल्या आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीबाहेर राहिली. निर्णय कठोर होता. पण स्वतःच्या नावाने उभे राहणे हा नागरिकत्वाचा पहिला धडा होय, हे त्याने देशास शिकविले. पुढील निवडणुकीपर्यंत पुष्कळशा स्त्रियांनी तो आत्मसात केला होता.

डॉ. ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालील माध्यमिक शिक्षण आयोगाने १९५३ साली आपला अहवाल दिला. हंसाबेन या आयोगाच्या एक सदस्य होत्या. माध्यमिक शिक्षणाचे पहिले उद्दिष्ट म्हणून आयोगाने लोकशाहीस योग्य असे नागरिक घडविणे हे सांगितले. या नागरिकाचे गुण कोणते? स्पष्ट विचार करणे, नव्या कल्पनांस मन खुले ठेवणे, प्रचारातून सत्य निवडणे, नेमके बोलणे व लिहिणे, सहकार्य आणि सहिष्णुता. या यादीत राजनिष्ठा नाही आणि कृतज्ञताही नाही. ली-वॉर्नरच्या पुस्तकास ५६ वर्षांनी मिळालेले हे उत्तर होते. इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र व नागरिकशास्त्र यांची सांगड घालणाऱ्या 'सामाजिक अभ्यास' या विषयाची शिफारसही आयोगाने केली.

अहवाल उत्तम, पण वर्गात काय झाले? शाळेची घंटा आणि परीक्षेची प्रश्नपत्रिका यांनी त्या उद्दिष्टाचा हळूहळू घास घेतला. राष्ट्रपतीचे अधिकार सांगा, राज्यसभेची रचना लिहा, ग्रामपंचायतीची कार्ये यावर टीप लिहा. उत्तरे पाठ होऊ लागली आणि प्रश्न विचारण्याची सवय मागे पडली. संसद केंद्रस्थानी आली, आणि गावातील पाण्याचा नळ कोणाच्या सहीने येतो हे विद्यार्थ्यास ठाऊक नव्हते. इतिहासाचा अभ्यासक्रम पुरा होईपर्यंत वर्ष सरत असे आणि नागरिकशास्त्र शेवटच्या आठवड्यात उरकले जात असे. वर्गाचा प्रमुख मात्र बहुधा वर्गशिक्षकच नेमीत. लोकशाहीचा धडा एका पूर्णतः अलोकशाही वातावरणात वाचला जाई, आणि मुलांना धड्यापेक्षा वातावरणच अधिक लवकर कळते.

यास अपवाद होते. १९६६ पासून दिल्लीच्या शाळांत युवा संसदेच्या स्पर्धा भरू लागल्या. अभिरूप संसद, शालेय मंत्रिमंडळ, वादसभा, भित्तिपत्रक हे उपक्रम नंतर अनेक शाळांत गेले. कोल्हापूर जिल्ह्यातून आलेले जे. पी. नाईक ज्याचे सदस्य-सचिव होते त्या कोठारी आयोगाने १९६६ साली समाजसेवेस आणि समान शाळेच्या कल्पनेस शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणण्याची शिफारस केली. गरिबाचा आणि श्रीमंताचा मुलगा एका बाकावर बसल्यावाचून समतेचा धडा पुरा होत नाही, हे त्यामागील तत्त्व. समान शाळा मात्र स्वप्नच राहिली.

बदलती पुस्तके

१९७५-७७ च्या आणीबाणीने या विषयास निराळे वजन आणले. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने मूलभूत कर्तव्यांचे कलम घटनेत घातले आणि ते पाठ्यपुस्तकांतही आले. हक्क आधी की कर्तव्ये आधी, हा जुना वाद त्यामुळे पुन्हा जागा झाला. १९७७ च्या निवडणुकीत मतदारांनी सत्ताबदल घडविला. त्यांतील कित्येकांनी नागरिकशास्त्राचे पुस्तक कधी पाहिलेही नव्हते. हे पाहता शाळेच्या तासाचे महत्त्व वाढवून सांगण्याचा मोह आवरला पाहिजे. लोकशाही शाळेबाहेरही शिकली जाते. शाळेचे काम ती शिकवण डोळस करण्याचे.

१९८९ च्या मार्चपासून मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले. दहावीचा विद्यार्थी आता मतदानापासून दोन-तीन वर्षांच्याच अंतरावर उभा राहिला. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३ व ७४ व्या घटनादुरुस्त्यांनी पंचायती व नगरपालिकांस घटनात्मक स्थान दिले आणि स्त्रियांसाठी किमान एकतृतीयांश जागा राखल्या. पुस्तकातील ग्रामसभा आता गावाच्या चावडीवर शोधता येऊ लागली.

२००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने या विषयाच्या वासाहतिक जन्माची उघड चर्चा केली आणि 'नागरिकशास्त्रा'ऐवजी 'राज्यशास्त्र' हे नाव सुचविले. त्यानुसार राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने नववी व दहावीसाठी २००६ आणि २००७ साली लोकशाही राजकारणावरची पुस्तके काढली. सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव हे त्यांचे मुख्य सल्लागार होते. व्यंगचित्रे, वृत्तपत्रांतील कात्रणे, विद्यार्थ्यांच्या तोंडचे अवघड प्रश्न यांनी ती पुस्तके भरलेली होती. उत्तर देण्यापेक्षा विचारण्यास शिकविणे हा त्यांचा हेतू होता. महाराष्ट्रातही २०१७ व २०१८ मध्ये अनुक्रमे नववी व दहावीची पुस्तके 'इतिहास व राज्यशास्त्र' या नावाने आली.

प्रश्न विचारणारे पुस्तक स्वतःही प्रश्नांकित होते. अकरावीच्या पुस्तकातील शंकर यांच्या एका जुन्या व्यंगचित्रावरून मे २०१२ मध्ये संसदेत वादळ उठले आणि दोघा सल्लागारांनी राजीनामे दिले. त्या चित्रात घटनाकारांचा अवमान पाहणाऱ्यांची वेदनाही खरी होती, आणि विद्यार्थ्यास मतभेद पाहू द्यावेत हा लेखकांचा आग्रहही खरा होता. करोनानंतर अभ्यासाचा भार कमी करण्याचे कारण देऊन परिषदेने दहावीच्या पुस्तकातील विविधता, लोकलढे आणि लोकशाहीपुढील आव्हाने यांवरची प्रकरणे वगळली; २०२३ च्या जूनमध्ये दोघांनीही पुस्तकांवरील आपली नावे काढावीत असे कळविले. पाठ्यपुस्तक हा नागरिकत्वाविषयीचा समाजाचा करार असतो, म्हणूनच त्यातील एकेका पानासाठी भांडण होते. हे भांडण होणे वाईट नव्हे. ते मुलांपासून लपविणे वाईट.

आपल्यापुरता अर्थ

१ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे विभाजन झाले आणि बडोद्याचा मराठी माणूस गुजरात राज्याचा भाषिक अल्पसंख्य नागरिक झाला. त्याच्या दृष्टीने घटनेतील काही कलमे ही केवळ परीक्षेपुरती नाहीत. भाषा व संस्कृती जतन करण्याचा हक्क देणारे २९ वे कलम, शिक्षणसंस्था चालविण्याचा हक्क देणारे ३० वे कलम आणि प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी असे सांगणारे, १९५६ साली घटनेत आलेले ३५० (अ) कलम, यांवर त्याच्या घराजवळच्या शाळेचे अस्तित्व अवलंबून आहे. बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील मराठी कुटुंबांचीही हीच स्थिती आहे. मराठी माध्यमाचा वर्ग टिकावा म्हणून अर्ज कोणाकडे करावा, कोणत्या कलमाचा आधार घ्यावा, शेजारच्या बहुसंख्याकांशी सलोखा राखून आपले म्हणणे कसे मांडावे, हे ज्यास कळते त्यास नागरिकशास्त्र कळले. आणि स्वतः अल्पसंख्य असण्याचा अनुभव ज्यास आहे, त्याने आपण जेथे बहुसंख्य असू तेथील अल्पसंख्याकांची बाजूही समजून घ्यावी, ही या शिक्षणाची पुढची इयत्ता होय.

घटना समितीत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बोलताना डॉ. आंबेडकरांनी सांविधानिक नीती ही उपजत नसते, ती जोपासावी लागते, असा इशारा दिला होता. ती जोपासण्याच्या जागा समाजात फार नाहीत. शाळा ही एक. शतकभर तग धरलेले ग्रंथालय ही दुसरी. ग्रंथालयाच्या वार्षिक सभेत सभासद हिशेबावर प्रश्न विचारतो, कार्यवाह उत्तर देतो, ठरावावर मते पडतात, हरलेला पक्ष पुढल्या वर्षी पुन्हा उभा राहतो आणि सारे काही इतिवृत्ताच्या वहीत नोंदले जाते. पुस्तकातील संसदेत जे घडते तेच येथे सतरंजीवर घडते. अशा सभेस दहावीच्या विद्यार्थ्यांनी एकदा तरी येऊन मागच्या ओळीत बसावे आणि जुनी इतिवृत्ते उघडून पाहावीत. वर्गणी थकली म्हणून झालेली चर्चा, पुस्तक-खरेदीवरून झालेला वाद, मतभेद नोंदवून केलेली सही यांच्या त्या नोंदी वाचताना त्यांना एक गोष्ट उमगेल. प्रजेचे पालन दुसरा कोणी करतो. नागरिकाला आपली वही स्वतःच लिहावी लागते.